रफूगारमामांचा आखूड दिवस

रफूगारमामा काही कोणाचे सख्खे मामा नव्हेत, पण लाँड्रीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना मामाच म्हणे. फाटलेलं कापड असं रफू करत की भोक पाडणाऱ्यालाही ते पुन्हा सापडू नये. वडिलांनी त्यांना एकच नियम शिकवला होता: सूर्य असेपर्यंत सुई चालवायची, सूर्य गेला की सुई डबीत. कारण दिव्याखाली काळे, निळे आणि तपकिरी दोरे सारखेच दिसतात. मामांचं गाव विषुववृत्ताजवळ. तिथे बारा महिने दिवस वेळेवर यायचा आणि वेळेवर जायचा, जुन्या कारकुनासारखा. त्यामुळे नियमाला कधी धक्का लागला नाही.

पुढे मामा-मामी लेकीकडे, दूर उत्तरेच्या शहरात राहायला आले. जावयाच्या घरी बसून खायचं नाही, एवढं मामांनी आधीच ठरवलेलं. लगेच कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काम मिळवलंही. दिवस उन्हाळ्याचे होते. मामा सुई घेऊन बसले ते बसलेच. सूर्य काही हलेना. लाँड्रीच्या मालकीणबाई शटर अर्धं ओढून ताटकळायच्या, घरी मामी ताट झाकून बसायची. पाठ मोडून आली, डोळे लाल झाले, तरी मामांचं आपलं एकच, "सूर्य आहे ना अजून? मग उठू कसा?"

शेवटी जावयाने हात टेकले. "बाबा, पृथ्वी कललेली आहे आणि आपण राहतो तिच्या पार वरच्या अंगाला. जितकं वर जाल तितका उन्हाळ्यात दिवस लांबतो आणि हिवाळ्यात आखडतो. इथल्या सूर्याच्या नादी लागलात तर उन्हाळ्यात झोप नाही आणि हिवाळ्यात काम नाही."

"म्हणजे सूर्यसुद्धा इथे हंगामी कामगार!" मामा खो खो हसले. पटलं मात्र काडीचं नाही.

हिवाळा आला तेव्हा पटलं. सूर्य समोरच्या छपरांना घासत कसाबसा जायचा आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच गडप. मामांची जागा मागच्या भिंतीशी, तिथे तर उजेड नुसता डोकावून परत जायचा. कपड्यांचा ढीग वाढत चालला. मग मामांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. एका गिऱ्हाइकाचा काळा कोट दिव्याखाली रफू केला. सकाळी त्याने दारात उजेडाला धरला, तर खांद्यावर निळा डाग! गिऱ्हाईक बिचारं भलं. "सावकाश करा, मामा," म्हणून कोट ठेवून गेलं. त्या भलेपणाने तर मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या काम सोडतो," घरी येऊन त्यांनी मामीला सांगितलं. "बाईंच्या दुकानाचं नाव खराब करायला नको."

"आणि घरी बसून माझं डोकं खाणार का?" मामी म्हणाली. "भाजी मी उजेडात निवडून ठेवते. फोडणी काय सूर्याला विचारून घालते? तुम्ही नुसते दोरे उजेडात निवडा की! रफू करा दिव्याखाली."

"अगं, पण तेवढा तरी उजेड माझ्या कोपऱ्यात कुठे येतो?" मामांचा आवाज पडला.

दुसऱ्या दिवशी काय बोलायचं ते मनाशी घोकत मामा लाँड्रीत शिरले आणि जागीच थबकले. दर्शनी काचेशी, जिथे आजवर बाईंचं इस्त्रीचं टेबल असायचं, तिथे मामांचं स्टूल होतं. शेजारी दोऱ्यांचा खोका. टेबल गेलं होतं मागच्या भिंतीशी, आणि बाई बल्बखाली शर्टाची कॉलर दाबत होत्या.

"हे काय, बाई?"

"इस्त्रीला उजेड कशाला लागतो?" बाईंनी मान वर केली नाही. "तुमचा दिवस इथे आधीच एवढासा. त्यातला निम्मा मी कशाला अडवून बसू?"

घोकलेलं सगळं मामांनी गिळून टाकलं. ना नात्याची ना गावची बाई, आपल्यासाठी तिने स्वतःच्या वाटचं ऊन सोडलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून येऊ लागले. स्टुलावर बसून त्यांनी तोच कोट मांडीवर घेतला आणि काळा दोरा उजेडात नीट पारखला. मग सुई धरली. इतक्या स्वच्छ उजेडात त्यांना सुईचं नेढंच दिसेना.

बाई इस्त्री उभी करून आल्या. मामांच्या हातून सुई घेतली, दोरा ओवून दिला, आणि मागच्या अंधारात परत गेल्या.