अक्काचं वय मी काढलं

आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक एकच होतं, आणि तेही फाटकं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, चौथीत पहिली आली म्हणून शाळेनं दिलेलं. दिलं तेव्हाच त्याचं पुठ्ठं आणि पहिली दोन पानं गायब होती. मुलींच्या शाळेला असलीच बक्षिसं यायची. तिघं भावंडं पडक्या विहिरीच्या पायऱ्या उतरतात, तळाशी दार असतं, आत माशांचं राज्य, अशी गोष्ट. मुलांची वयं त्या गेलेल्या पानांवर असणार. सगळं पुस्तक पाठ झाल्यावर आम्हा दोघींना एकच उद्योग उरला, त्या तिघांची वयं काढायची.

दुपारचा गिरणीचा भोंगा झाला आणि अव्वा, म्हणजे आमची आई, जरा आडवी झाली की आम्ही चाळीच्या जिन्यात बसायचो. धाकट्याचा पुढचा दात दुसऱ्याच प्रकरणात पडतो, म्हणजे तो सहाचा. त्याच्या बहिणीला अजून परकर आहे, आणि दारावरचा जुना लेख ती घडाघडा वाचते. अक्का म्हणाली, ही बाराची. मी म्हटलं, दहाची.

"दहाची पोर माशांच्या राजाशी भांडती व्हय?"

"मी भांडीन की!"

"तू काय, यमाशीबी भांडशील."

मुलगी बाराची ठरली. तिच्या बारशाला थोरला भिंत धरून चालत होता असं एके ठिकाणी आलंय, म्हणून तो तेराचा. पण मग मी अडले. मुलगी बारा आणि धाकटा सहा, मधली सहा वर्षं रिकामी कशी? अक्का सहज म्हणाली, "मधलं एखादं गेलं असंल. आपल्यात न्हाय का गेली?" आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं: थोरला तेरा, मुलगी बारा, एक गेलं, धाकटा सहा.

आमच्यात गेली ती अक्काच्या आधीची. पहिलं महायुद्ध संपता संपता तो ताप आला, लोक त्याला मानमोडी म्हणत. त्यात ती पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन गेली. अव्वा तेव्हा पोटुशी होती. माहेरी, अक्कलकोटच्या बाजूला एका खेड्यात, तिनं अक्काला जन्म दिला. तिथं जन्माची नोंद कोण करतंय? अक्काचं वय कुणी विचारलं की अव्वा एवढंच म्हणायची, "मानमोडीनंतरची."

अक्का बाराची झाली आणि वैरागचं स्थळ आलं. अडत्यांचं घर, मुलगा वीसचा. आमचे वडील, अप्पा, गिरणीत कारकून. पण तेव्हा नवा कायदा झाला होता, चौदाच्या आत मुलीचं लग्न लावलं तर बापाला शिक्षा. अप्पांना मुलीच्या बारा वर्षांचं काही नव्हतं, भीती होती ती नोकरीची. अक्काच्या मात्र अंगात वारं शिरलं होतं. "दोन वर्षं मिळाली बघ," ती मला म्हणायची. "सातवी करती, फायनलला बसती, मास्तरीण हुती. मग वैरागवाल्यांनी खुशाल दुसरी बघावी."

वैरागचे मामंजी, म्हणजे मुलाचे वडील, एका रविवारी सकाळी आले. अक्का तबकातून दूध घेऊन बाहेर आली. मी अप्पांच्या मागं भिंतीला टेकून बसले होते.

"पोरीचं वय काय?"

अप्पा घुटमळले. अव्वानं दाराआडून तिचं नेहमीचं उत्तर दिलं. पाहुण्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि मान हलवली. "म्हणजे बारा. न्हाय जमायचं. आमच्या भावकीत एकाला कोर्टाची पायरी चढावी लागली. चौदाचा कागद असंल तर बोला, न्हायतर दोन वर्षांनी बघू."

अक्कानं तबक खाली ठेवलं. तिच्या ओठाच्या कडेला हसू आलेलं मला दिसलं. तेवढ्यावर मी गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही! अक्का हुशार, अक्का पहिली, हे ऐकून माझे कान किटले होते. आज पाहुण्यांसमोर मला हुशार व्हायचं होतं. दात पडण्यावरून वय काढणारी मी, मला हे कोडं काय अवघड?

"अप्पा, मानमोडीत गेली तिचा जन्माचा कागद आपल्या ट्रंकेत हाय की," मी म्हटलं. "त्यात नाव न्हाय, नुसतं 'मुलगी' लिवलंय. ती गेली ते तुम्ही लिवून घ्यायला गेलाच न्हाय. अक्काचा तर कागदच न्हाय. मग तोच अक्काचा. चौदा पुरी हून वर चार महिनं!"

 मामंजी गडगडून हसले. "अहो, ही तर वकील निघाली!" आणि अप्पांनी, ज्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं त्या अप्पांनी, माझ्या पाठीवरून हात फिरवला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. अव्वाच्या हातून तांब्या सुटला होता.

त्या दुपारी मी जिन्यात गेले तर अक्का पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. मला म्हणाली, "तिचं वय मला दिलंस. आता माझं कुणाला देतीस?"  खरं सांगते, तेव्हा प्रश्नच कळला नव्हता. माझ्या पाठीवर अजून अप्पांचा हात होता.

लग्नात मला हिरवा परकर मिळाला. मी तो मिरवला, हेही सांगून टाकते. अक्कानं पुस्तक बरोबर नेलं.

पुढच्या वर्षी नागपंचमीला ती आली ती अर्धी होऊन. सासरी तिला चौदाची, पंधराची म्हणूनच वागवत. हातभर भाकरी थापता आली नाही की सासू म्हणायची, "पंधरा वर्षांची घोडी, आईनं शिकवलं काय?" घागर निसटली तरी तेच. ती मला हसून सांगत होती, "मी तेराची हाय असं म्हणाय येत न्हाय गं. अप्पांना धरून नेतील." मी मान खाली घालून तिच्या हाताला तेल चोळलं.

त्यानंतरच्या वर्षी पहिल्या बाळंतपणात अक्का गेली. बाळही गेलं. वैरागच्या दवाखान्यात वय सोळा लिहिलं. सांत्वनाला आलेल्या बायका म्हणाल्या, सोळाव्या वर्षी पहिलटकरणी दगावतात, कुणाचा दोष? अप्पांनीही तेच धरून ठेवलं. सोळा, सोळा करत ते आयुष्यभर सुखानं झोपले. अव्वानं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मेली माझी अक्कल!

अक्काची ट्रंक परत आली. दोन लुगडी, आणि तळाशी ते पुस्तक. शेवटच्या पानावर आमचा जुना हिशेब तसाच होता, थोरला तेरा, मुलगी बारा. त्याच्याखाली अक्कानं एक ओळ वाढवली होती: 'मी'. पुढं बारा लिहून खोडलेलं, तेरा लिहून खोडलेलं, आणि शेवटी तिच्या सुरेख अक्षरात चौदा.

म्हणजे कायद्यानं तिचं लग्न लावायला आता कुठं हरकत नव्हती.