दाजींच्या हातची गाडी

चालती गाडी बंद पाडण्याचं काम केज तालुक्यात आमच्या दाजींइतक्या निष्ठेनं दुसऱ्या कुणी केलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं कारकून आणि अंगणात स्वतःच स्वतःला नेमलेले इंजिनियर. जुनी पांढरी मोटार दारात आली त्या दिवसापासून त्यांनी तिला गॅरेज दाखवलं नाही. "मेकॅनिक लोक येक नीट करतेत अन् दोन ढिलं करून ठिवतेत," असं ते म्हणत. ते स्वतः एकही नीट न करता चार ढिलं करत. उन्हाळ्यात गच्चीवर एका साडीवर ताईच्या कुरडया वाळत आणि दुसरीवर रॉकेलनं धुतलेले गाडीचे भाग. राखण दोन्हींची ताईकडेच. जोडणी झाली की मूठभर नटबोल्ट उरत. कंपनीवाले वजन वाढवायला जास्तीचे घालतात, असं दाजी मला समजावत आणि ते बरणीत भरून ठेवत. मी शंका काढली की म्हणत, "मास्तर, तुमी पुस्तकं वाचा. लोखंड हातानं वाचावं लागतं."

वडवणीच्या एका लग्नाला आम्ही त्यांच्या गाडीतून निघालो आणि वाटेत जीप पकडून पोचलो. दाजी गाडीपाशीच थांबले. पंगती उठल्यावर आले ते कोपरापर्यंत काळे आणि अत्यंत समाधानी. "दोष सापडला," म्हणाले. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली होती.

असल्या माणसाची गाडी अधूनमधून चालायची तरी कशी, हे कोडं मला एका मंगळवारी दुपारी सुटलं. दाजी कचेरीत गेले की ताई बाजारातल्या मेकॅनिकला बोलावून घेई. सगळे त्याला उस्ताद म्हणत. तो बिघाड काढी आणि दाजींची हत्यारं होती तशी पुन्हा पसरून ठेवी. त्या दिवशी हात पुसत तो म्हणाला, "भाभी, येक नट ढिला ठिवलाय. सायबाला कसू द्या." संध्याकाळी दाजींनी तो कसला, चावी फिरवली, गाडी सुरू झाली आणि आम्हाला तासभर व्याख्यान ऐकावं लागलं. मी उठून सांगणारच होतो. ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यायला कळू देऊ नको. मोडून पडतेल रे ते."

एक दिवस तोंडावर सांगायचं, हे मात्र मी मनाशी ठरवलं.

दाजी गेले त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. उजवा हात लुळा पडला होता, अंथरुणावरून उठणं नव्हतं. मी भेटायला गेलो तेव्हा उस्तादही आला, केळी घेऊन. दाजींनी त्याला बसवलं आणि डाव्या हातानं हवेत आकृत्या काढत क्लच कसा बसवावा ते शिकवायला घेतलं. सगळं उलटं. त्याच गाडीचा क्लच उस्तादनं आजवर पाच वेळा तरी बसवला असेल. तो शांतपणे मान हलवत होता.

"मंग सायेब, स्प्रिंग अगुदर का प्लेट?"

"स्प्रिंग. ध्यानात ठेव बे, तुमी लोक तिथंच चुकता."

"आमाला असं कुनी शिकवलंच न्हाई, सायेब."

चहाचे कप घेऊन ताई दारात थबकली होती. ती दाजींकडे नाही, माझ्याकडे पाहत होती. दाजींनीही मान वळवली. "काय मास्तर? तुमाला काय म्हणायचंय का?"

म्हणायचं होतं, कितीतरी वर्षांचं साठलेलं होतं. मी खिशातलं पेन काढलं. "दाजी, स्प्रिंगनंतर काय?"

दाजींनी पेनाकडे पाहिलं. मग डाव्या हातानं पांघरूण सरकवून त्यांनी अंथरुणावर माझ्यासाठी जागा केली.