मालतीकाकूंचा समुद्र

मालतीकाकूंना जाऊन वर्ष झालं. आमच्या महिला मंडळात चार जणी चहाला बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "काकू असत्या तर म्हणाल्या असत्या..." आणि कप रिकामा होईपर्यंत किस्सा संपलेला असतो. मग दुसरी म्हणते, "हा मी वेगळाच ऐकलाय!" झाले दोन किस्से!

*

काकू मूळच्या कोकणातल्या, लग्न होऊन लातूरला आल्या. शाळकरी वयात आईबरोबर मुंबईला जाताना त्यांची बोट वादळात फुटली. एका खलाशानं काकूंना फळीवर ओढलं. आईचा हात सुटला.

बहात्तरच्या दुष्काळात मंडळातर्फे आम्ही खडी फोडण्याच्या कामावर सुकडीचा पौष्टिक खाऊ वाटायचो, मजूर बायांची लेकरं सांभाळायचो. तिथं लोह्याकडची सोजर भेटली. जिभेला धार. काकूंनी तिला सांगितलं, "लहानपणी आमची बोट फुटली होती गं."

सोजरनं आपले दोन्ही हात पुढे केले. "एकच व्हय? आमची बघा, दाही फुटल्यात!"

काकू हसल्या, आणि मग तिची बोटं हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. पुढे सोजर मंडळात आली ती कायमची.

*

आईबद्दल कुणी "गेली" म्हटलं की काकू दुरुस्त करायच्या, "सापडली नाही." एकदा सर्वपित्रीला सासूबाई म्हणाल्या, "आईच्या नावानं एक पान वाढू या का?"

"आली की वाढीन," काकू म्हणाल्या.



*

दुष्काळात दुपारी खडीचं काम थांबायचं. काळ्या रानावर ऊन थरथरायचं आणि लांब कुठंतरी पाणी पसरलंय असं वाटायचं. सोजर म्हणायची, "काकू, तुमचा समुद्र आला बघा!" काकू खरंच तिकडे बघत राहायच्या.

"केवढा असतो हो?"

"पलीकडचा काठ दिसत नाही."

"अन् आटत न्हाई?"

"नाही."

"लई गोड असंल मग!"

"खारट. पिता येत नाही."

सोजरनं थोडा विचार केला. "मग त्याला पाणी कशाला म्हणायचं?"

*

त्याच उन्हाळ्यात टँकर आला की एकच झुंबड उडायची. घागरीवर घागर आपटायची. काकूंनी एक दिवस रांग उलटी केली. मागे गप्प उभ्या असलेल्या बायांना पुढे आणलं.

पुढच्या बायका भडकल्या. "हा कुठला न्याय?"

"बोटीवर मी बघितलंय," काकू म्हणाल्या, "आधी होडीत कोण चढतं ते."

रांग तशीच राहिली.

*

पुढे लातूर जिल्हा झाला. गुलाल, बँड, नवी ऑफिसं, नव्या पाट्या. आम्ही वस्तीच्या नळासाठी साहेबांकडे गेलो. ते फार सौजन्यानं म्हणाले, "बाई, घाबरू नका. थोडा धीर धरा, सगळं व्यवस्थित होणार आहे."

"साहेब," काकू म्हणाल्या, "आमच्या बोटीचा कप्तान अगदी हेच म्हणाला होता."

नळ आला!

*

त्याच वर्षी माझे यजमान गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण "सावर" म्हणत होता. काकू आल्या, शेजारी बसल्या. हळूच विचारलं, "त्यांना नीट बघायला मिळालं ना तुला?"

मी मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता. त्या दिवसांत मला आधार वाटला तो तेवढाच.

*

त्या हिवाळ्यात मंडळाची सहल कोकणात गेली. हट्ट सोजरचा. काकू येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. त्या सगळ्यांच्या आधी गाडीत येऊन बसल्या.

किनाऱ्यावर आमच्या बाया लेकरांसारख्या धावल्या. सोजरनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "शपथ! खरंच बोलत होती बाई!" काकू मात्र एकट्या लांब वाळूत बसल्या होत्या. ओठ हलत होते. लाटांमुळे काही ऐकू येत नव्हतं.

ऊन उतरलं. सगळ्या गाडीत बसल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकू खालच्या पायरीवर उभ्या होत्या, तोंड पाण्याकडे.

"जरा थांबा हो. एक बाई यायची आहे."

"आता कोण राहिलं? गाडी तर भरली!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. खिडकीतून सोजर म्हणाली, "थांबा म्हणल्या ना त्या? मग थांबा की!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. समुद्राचा आवाज गाडीत आला. पाण्यावरचा उजेड पिवळा होता, तांबडा झाला, मग कसलाच राहिला नाही.

काकू वर चढल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "ती इथंच राहते म्हणाली."

"मग दार ओढून घ्या, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

काकूंनी दार ओढून घेतलं.