बत्तीस पानी शांती

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढी म्हणून अशांती आहे, ती मिटवण्याची जबाबदारी आपल्या एकट्याच्या शिरावर आहे असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ठाकुर्लीला राहतात. खोपटच्या एसटी डेपोत गाड्या सोडण्याचं काम करून निवृत्त झाले, आणि आता माणसांना मार्गाला लावतात. त्यासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक पुस्तिका असते. ‘चिंता चपलांपाशी ठेवा’, ‘सात श्वासांत समाधान’, ‘यशाचा उगम बेंबीत’ अशा नावांची. पानं बत्तीस, फार तर चौसष्ट. त्यापुढे ते जात नाहीत. एकदा मी त्यांना एक जाडजूड आध्यात्मिक ग्रंथ दाखवला, तर हातात तोलून त्यांनी तो परत केला. “शंभर पानांच्या पुढे गेला म्हणजे लेखकालाच अजून शांती मिळालेली नाही,” म्हणाले.

अशा तीनेकशे पुस्तिका त्यांच्या कपाटात आहेत, आणि त्या औषधासारख्या दिल्या जातात. मला रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांच्या गोळीआधी त्यांची पुस्तिका घरी पोचली होती, दोन पानं सकाळी अनशापोटी आणि दोन रात्री जेवणानंतर, अशी. ठाण्याच्या कचेरीत माझी बढती हुकली त्या दिवशी हे भर दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि म्हणाले, “खुर्ची बाहेर असते, बढती आत असते.” मी म्हटलं, “पगारही आतच मिळतो का, ते बघा जरा कुठल्या पानावर आहे.” ते मुळीच चिडले नाहीत. चिडत नाहीत हीच त्यांची मोठी पंचाईत आहे. एकदा एका रिक्षावाल्याने सुट्ट्या पैशांवरून त्यांच्याशी भररस्त्यात भांडण काढलं, तर यांनी त्याच्या हातात ‘यशाचा उगम बेंबीत’ ठेवलं. तो बिचारा म्हणाला, “काका, मराठी वाचता नाही येत मला. पण ऱ्हाऊ द्या, गणपतीच्या बाजूला ठेवतो.” दुसऱ्या दिवसापासून त्याचा धंदा वाढला, असं साडूभाऊ छातीवर हात ठेवून सांगतात.

कुठलंही काम करण्यापूर्वी सात श्वास घ्यायचे, हा त्यांचा दुसरा नेम. ताई, म्हणजे माझी मेहुणी, देवळात गेल्या की गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायचं काम यांच्याकडे येतं. दूध वर येतं, साडूभाऊ डोळे मिटतात, पहिला श्वास घेतात. सातवा होईपर्यंत दूध ओट्यावरून खाली फरशीवर पोचलेलं असतं. “शांती यांना आणि ओटा पुसायचा मी,” असं ताई मला दर भेटीत ऐकवतात. मी हसतो, कारण ओटा माझा नसतो.

पण सगळ्यात अजब म्हणजे त्यांची पुस्तक देण्याची रीत. माणूस पुस्तक निवडत नाही, पुस्तक माणसाला निवडतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून ते कपाट उघडून डोळे मिटतात, हाताला लागेल ती पुस्तिका उचलतात आणि डोळे मिटूनच कागदात गुंडाळतात. नाव बघायचं नाही. माझ्या मुलाच्या मुंजीत त्या आठ वर्षांच्या बटूला ‘निवृत्तीनंतरचा आनंद’ मिळालं होतं. तो अजून अभ्यासाला बसत नाही, याचं मूळ मला तिथेच सापडतं.

ही रीत एक दिवस अंगाशी येणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. फक्त ती त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, मुग्धाच्या लग्नात येईल असं वाटलं नव्हतं.

मुग्धाने तिच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केलेला. घर कल्याणचं, चांगलं. फक्त मुलाचे वडील शाळामास्तर होते आणि त्यांचा राग कल्याणमध्ये प्रसिद्ध होता. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने दोन वर्ग गप्प बसायचे म्हणतात. लग्नाची बैठक ठाकुर्लीला झाली. तारीख ठरली, हॉल ठरला, जेवणात जिलेबी की गुलाबजाम यावर गुरुजींचा आवाज थोडा चढला, पण गुलाबजामवर मिटलं. निघताना व्याह्यांना नारळ, टॉवेल आणि टोपी द्यायची आपली पद्धत. साडूभाऊंनी टोपीच्या जागी कागदात गुंडाळलेली पुस्तिका दिली. व्याह्यांनी ती कपाळाला लावून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणहून फोन आला. गुरुजी एवढंच म्हणाले, “तुमचं पुस्तक मिळालं. तुम्ही केलेल्या खुणाही मिळाल्या. लग्नाचं तूर्त थांबवू या.” पुस्तिकेचं नाव होतं ‘रागाला रजा द्या’. आणि तिच्यात लाल पेन्सिलीने ओळीच्या ओळी अधोरेखित केलेल्या होत्या.

मुग्धा दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं, “बाबा, त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम टोमणा मारला. तुम्ही जाऊन बोला ना. मला दुसरं काही नको.” ताईंनी माझ्या बायकोला फोन केला आणि बायकोने मला साक्षीदार म्हणून पाठवलं. रिक्षात मी साडूभाऊंना पढवत होतो. “सरळ सांगा, डोळे मिटून उचललं, नावसुद्धा बघितलं नव्हतं. विषय संपला.” त्यांच्या खिशात त्या दिवशी एकही पुस्तिका नव्हती, आणि तेवढ्यानेच मला काळजी वाटू लागली.

कल्याणला पोचलो, तर गुरुजींनी बसा म्हटलं नाही, आम्हीच बसलो. त्यांनी पुस्तिका उघडून पुढे केली. “हे वाचा. ‘तुम्ही घरात शिरताच घर गप्प होत असेल, तर त्याला आदर समजू नका.’ दोनदा खूण आहे. ही कुणासाठी केलीत?”

मी घसा साफ करून डोळे मिटण्याची हकीकत सुरू करणार, तोच साडूभाऊ म्हणाले, “माझ्यासाठी.”

मग ते बोलत राहिले. त्यांच्याबद्दलची ही गोष्ट मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. डेपोत दिवसभर माईकवरून ओरडायचं, ड्रायव्हरवर, कंडक्टरवर, चुकीच्या गाडीत चढणाऱ्यांवर. घरी यायचा तो आवाज तसाच यायचा. मुग्धा सहा वर्षांची असताना एकदा हे लवकर घरी आले, तर पोर दिसेना. लपाछपी खेळतेय असं वाटून यांनी हसतहसत शोधली. ती कपाटामागे होती. बाहेर येऊन तिने विचारलं, “बाबा, तुमची ड्यूटी परत कधी आहे?”

“दुसऱ्या दिवशी डेपोतल्या स्टॉलवरून हे घेतलं,” साडूभाऊ म्हणाले. “माझं पहिलं पुस्तक. मोठं घेतलं असतं, पण दोन गाड्यांच्या मध्ये एवढंच वाचून व्हायचं. खुणा तेव्हाच्या आहेत. हे मी कधी कुणाला देत नाही, गुरुजी. चुकून हाताला लागलं. तुम्हाला लागलं असेल तर मी माफी मागतो, पण पोरीला यात धरू नका. तिने एका रागीट माणसाच्या घरात दिवस काढलेत. दुसऱ्या घरात जाताना तिला भीती वाटू नये, एवढंच मला वाटतं.”

गुरुजींनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली. मग सवयीने आत ओरडले, “चहा!” थोडं थांबले आणि खालच्या आवाजात पुन्हा म्हणाले, “चहा ठेवतेस का जरा?” आतून त्यांच्या पत्नी दारापर्यंत आल्या आणि कोण बोललं ते बघून गेल्या. चहा झाला. निघताना साडूभाऊंनी पुस्तिकेकडे नजर टाकली, तर गुरुजी म्हणाले, “ही राहू दे माझ्याकडे.” लग्न ठरल्या तारखेला झालं.

परवा रविवारी मी ठाकुर्लीला गेलो होतो. मुग्धा सासरी रमली आहे, सासऱ्यांशी तिचं छान जमतं, हे ताईंनी मला दोनदा सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. तिघेही चहा घेत बसलो. पंख्याचा तेवढा आवाज. ताई एकदम म्हणाल्या, “अहो, घर फार शांत झालंय. एकदा ओरडा की जरा, डेपोतल्यासारखं.”

मला वाटलं गंमत करतायत. साडूभाऊ खरंच सरसावून बसले, घसा खाकरला, तोंडही उघडलं. मग ओशाळं हसून म्हणाले, “नाही जमत गं आता.”

ताई कप उचलून आत गेल्या. मी इतकी वर्षं या माणसाची थट्टा करत आलो होतो. पोरीने आपल्याला भिऊ नये म्हणून त्यांनी बत्तीस-बत्तीस पानांनी स्वतःचा आवाज खाली आणला होता, आणि आता तो खालचा आवाज ऐकायला पोर घरात नव्हती.