मेणातला तपकिरी रंग

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेबाई म्हणत. नव्या लोकांना ते खरोखरच आडनाव वाटे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, केसाहून पातळ पापुद्रा कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायचा, हेच काम सव्वीस वर्षं. सूक्ष्मदर्शकाला मात्र त्यांनी कधी डोळा लावला नव्हता. ते डॉक्टरांचं काम.

यंदा एका तरुण डॉक्टरणीने यकृताच्या कर्करोगाचे दोनशे जुने ठोकळे तळघरातून मागवले. गाठीतल्या एका प्रथिनावरून आजार उलटणार की नाही हे आधी कळू शकतं का, ते तिला ताडून पाहायचं होतं. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढणार होता.

एका ठोकळ्यावरचा आकडा वाचून पापुद्रेबाई थबकल्या. नऊ वर्षांपूर्वी तो त्यांनीच घातला होता. ठोकळा त्यांच्या थोरल्या दिरांचा. गाठ पूर्ण निघाली म्हणून सगळे हुश्श झाले, आणि सात महिन्यांत आजार उलटून दीर गेले. तेव्हापासून जाऊबाई स्वतःलाच बोल लावत होत्या, माझ्याकडून पथ्य सांभाळलं गेलं नाही म्हणून.

त्या ठोकळ्याची काच रंगून आली तेव्हा बाई चाचरत म्हणाल्या, "ही एक मी बघू?"

"म्हणजे आजवर बघितलंच नाहीत? बसा बसा!" डॉक्टरीण खुर्ची सोडून उठलीच.

आधी नुसतं धुकं. मग एकदम अख्खी वस्ती उजळली, पेशीला पेशी खेटून, आणि प्रत्येकीला तपकिरी काठ.

"हे ऑपरेशनच्या दिवशीच होतं यात?"

"होतं. पण एका काचेवरून काही ठरत नाही हं."

"पथ्याने गेलं असतं?"

"छे! पथ्याचा काय संबंध?"

रविवारी जाऊबाई मटार सोलत बसल्या होत्या. बाईंनी सगळं सांगितलं.

"इतकं बारीक दिसतं?"

"दिसतं, ताई. तुमच्या पथ्याने काही बिघडलं नव्हतं."

जाऊबाईंनी त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेपालटे करून पाहिले, आणि मग नऊ वर्षांचं रडल्या.

चार महिन्यांनी डॉक्टरणीचा मेळ लागला. ज्यांच्या काचा गडद तपकिरी, त्यांपैकी बहुतेकांचा आजार लवकर उलटला होता. त्यांतलेच अकराजण मात्र आजही ठणठणीत होते.

"ते कसे हो जगले?" बाईंनी विचारलं.

"मलाही कळत नाही."

बाईंनी त्या अकरा काचा मागून घेतल्या आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत एकेक बघत राहिल्या.