शेकाच्या मशीनवरच्या बाई

"पुरं ऐकून घे गा, मंग लिव," असं म्हणत बाई माझ्या कागदावर तळहात ठेवायच्या. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका दवाखान्यात कारकून होतो आणि बाई तिथे शेकाच्या मशीनवर. रेडिओलहरींनी दुखरे गुडघे, पाठी शेकणारं ते यंत्र त्या दहा-अकरा वर्षं चालवत होत्या.

एकदा एक तरुण डॉक्टर आले. अशा यंत्रापाशी राहून माणसाच्या मनावर परिणाम होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. झोप येते का, चिडचिड होते का, असे प्रश्न. उत्तरं लिहायचं काम माझं. विभागाच्या साहेबांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, "त्रास सांगाल तर डोकं बिघडलं म्हणून मशीनवरून काढीन." कचेऱ्या तुम्हीही पाहिल्या आहेत. झाडून सगळ्यांची झोप उत्तम निघाली.

बाई म्हणाल्या, "मले झोप येत नाही. लिव."

"बाई, अंगाशी येईल."

"येऊ दे. मी रातभर आढ्याकडे पाहून राहिली, अन् कागदावर काहून घोरू?"

डॉक्टर खूश झाले. "म्हणजे मशीनमुळेच ना?"

"ते मले काय माईत? तेच पाहाले तर तुम्ही आले ना!"

व्हायचं तेच झालं. बाईंना कपड्यांच्या कोठीत टाकलं. डॉक्टरांची बदली झाली, अभ्यास बारगळला. बाईंचा मात्र चालूच. दर शनिवारी येऊन त्या मला आठवड्याची झोप लिहायला लावत. दोनेक महिन्यांत झोप लागू लागली. मी म्हणालो, "बघा, मशीनचाच दोष!"

"या महिन्यात पोरीचं लगन जमलं. तेही लिव."

मग त्यांनी मोठ्या साहेबांच्या नावे अर्ज लिहून पुढे पाठवायला माझ्याकडे दिला. मला परत मशीनवर घ्या, झोप पुन्हा जाते का ते पाहायचं आहे.

तो अर्ज मी खणात ठेवून दिला. कितीतरी दिवसांनी बाईंचा चेहरा टवटवीत दिसत होता. माझा जीव होता त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं तेव्हा खरं सांगून टाकलं. "तुमच्या भल्यासाठीच केलं, बाई."

"भलं?" बाहेरच्या बाकावरचे रोगी वळून पाहू लागले. "त्या साहेबानं मले येडी ठरवलं, तू लहान पोर ठरवलं. माह्या डोक्याची मालकीण मी आहो!"

अर्ज घेऊन त्या स्वतः मोठ्या साहेबांकडे गेल्या, तासभर भांडल्या आणि सोमवारपासून पुन्हा मशीनवर उभ्या राहिल्या.

काही वर्षांनी निवृत्त होऊन त्या आपल्या गावी, कुहीला गेल्या. तोवर दर शनिवारी मी कागद काढून बसायचो. त्या माझ्या टेबलाशी पुन्हा आल्या नाहीत. झोप गेली की राहिली, मला आजही माहीत नाही.