पळस संपल्यावरचा रंग

पोंभुर्ण्याच्या बांबू डेपोवर चौकीदारी केलेला श्रावण वाघाला भ्यायचा नाही, पण पोरीसमोर ‘लघवी’ हा शब्द उच्चारायची वेळ आली की त्याची बोबडी वळायची. बायको लवकर गेली. कांताला त्यानं एकट्यानं वाढवलं, तिच्या वेण्यासुद्धा घातल्या. मात्र ती वयात आली तेव्हा शेजारच्या मंगलीबाईला पुढं करून हा बहाद्दर दिवसभर डेपोवर जाऊन बसला.

दर उन्हाळ्यात तो पळसफुलं भिजवून त्यांचं केशरी पाणी प्यायचा. अंगातली गरमी त्यानं निघून जाते, ही त्याची पक्की समजूत. दोन हजार दोन साली लघवी लाल झाली, तेव्हा त्यानं दोष फुलांना दिला आणि मोकळा झाला. दुखत तर काहीच नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात एकदा अंगणवाडीत शिकवून आलेली कांता त्याचं धोतर धुवायला बसली आणि तिला डाग दिसला.

“पळसाचा रंग होय थो,” श्रावण भिंतीकडं पाहत म्हणाला.

“बाबा, पळस सरून किती दिवस झाले?”

दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला दवाखान्यात नेलं.

चंद्रपूरला सोनोग्राफी झाली, मग नागपूरला जावं लागलं. तिथं दुर्बीण घालून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी कांताला सांगितलं, कॅन्सर आहे. गावात कॅन्सरची एकच स्टेज सगळ्यांना ठाऊक, शेवटली. कांतानं स्टेज विचारलीच नाही, “किती दिवस?” एवढंच विचारलं.

“दिवस कशाला मोजता? किती खोल गेलाय ते आधी बघू,” बाई म्हणाल्या. मूत्राशयाला आतून अस्तर असतं, त्याखाली पातळ थर, मग स्नायू. गाठ अस्तरातून त्या थरात उतरली होती. स्नायूत शिरली असेल तर मूत्राशयच काढावं लागणार. पण काढलेल्या तुकड्यात स्नायू आलाच नव्हता, म्हणून पुन्हा खरवडून पाहणं भाग होतं.

घरी आल्यावर कांतानं बापापासून काही लपवलं नाही. तो हबकला. “एकदा काढलं ना? मंग पुन्हा काऊन? वाढला का?”

कांतानं खाटेवरची वाकळ पुढं ओढली. “समजा, इथी रंग सांडला. वरच्या कापडाले लागला, त्याच्या खालच्याले बी लागला. आतल्या चिंध्यांत मुरला का, थे पाहा लागते. नसन मुरला, त पिशवी वाचते.”

“लघवीची?” त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि म्हातारा कानापर्यंत लाजला.

दुसरा रिपोर्ट आला. स्नायू स्वच्छ होता. कांता दवाखान्याच्या जिन्यात मटकन बसली आणि पोटभर रडली. पुढं मूत्राशयात औषध सोडणं आलं, दर तीन महिन्यांनी दुर्बीण आली, या रोगाला खतपाणी घालणारी त्याची जुनी विडी कायमची सुटली. गाठ परत येऊ शकते, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. लाल दिसलं, की त्याच दिवशी मुलीला सांगायचं, अशी ताकीदही त्याला दिली.

पळस पुन्हा फुलला. मंगलीबाईनं सवयीनं टोपलीभर फुलं आणली, तर श्रावणनं हात जोडले. “नको बाई. यंदा खरा रंग दिसू दे.”

आता रोज सकाळी घरामागून त्याची आरोळी येते, “कांते, लघवी साफ हाय वं!” कुंपणापलीकडून मंगलीबाई म्हणते, “बरं झालं भाऊ!” लाजायची पाळी कांतावर येते. पण आरोळीला जरा उशीर झाला, की तिचा हात चुलीपाशी थांबतो. मग हाक येते, आणि ती बापाच्या चहात चमचाभर साखर जास्तच टाकते.